पिवळ्या पट्ट्याचा साग

माझे वडील तीस-पस्तीस वर्षं झाडांवर चढले आणि पडले ते लग्नाच्या हॉलमध्ये. महाडला नवा हॉल झाला होता, फरशी घासून गुळगुळीत केलेली, आणि जिलबी दुसऱ्यांदा वाढून घेऊन परतताना त्यांचा पाय सरकला. घोट्याच्या वर हाड मोडलं. ते वनपाल होते. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं आणि नेमकं त्याच हिवाळ्यात, त्यांच्या मते सगळ्या नोकरीतलं एकमेव खरं काम त्यांच्या वाट्याला आलं होतं. आईने मला पुण्याला फोन केला. तुझे तारे काही पळून जात नाहीत, म्हणाली, इकडे ये आणि यांचा टेप धर.

तारे पळून जात नव्हते हे खरं, पण त्याचं कारण ते नीट होतच नव्हते. मी तेव्हा पीएचडी करत होते. वायूचा प्रचंड, थंड ढग स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो आणि त्यातून तारा होतो. हे सगळं मी कॉम्प्युटरवर आकड्यांनी घडवून बघत होते. अडचण अशी की नवा तारा जन्मला की तापतो, उजेड आणि ऊब बाहेर टाकतो. त्याला प्रारण म्हणतात. ते भोवतालच्या धुळीत कुठे अडतं, किती मुरतं, वायू किती गरम करतं, हे मोजायला इतका वेळ लागतो की पुष्कळ लोक ते सरळ वगळतात. मीही वगळलं होतं. मग माझा ढग नासलेल्या दुधासारखा फुटायचा आणि जिकडेतिकडे बारीक बारीक तारे व्हायचे. खऱ्या आकाशात इतके होत नाहीत. माझ्या गाइडनी सांगितलं होतं, प्रारण घाल, त्याशिवाय तोंड दाखवू नकोस. म्हणून मी दोन सीडींवर प्रोग्राम भरला आणि महाडला आले.

महाडच्या एका कॉम्प्युटर क्लासच्या मालकांनी मला कोपऱ्यातली एक मशीन दिली. त्या बदल्यात मी रविवारच्या बॅचला शिकवायचं असं ठरलं. प्रारण घातल्यावर हिशेब शंभरपट मंद झाला, म्हणजे एका ताऱ्याला कित्येक आठवडे लागणार होते आणि तोवर ती मशीन कुणी बंद करायची नव्हती. मालक भले गृहस्थ. त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहून मॉनिटरवर चिकटवली: ‘तारा तयार होत आहे. कृपया बंद करू नये.’ टायपिंगला येणाऱ्या मुलींनी ती वाचली, त्यांच्या घरच्यांना कळलं, आणि आठवड्याभरात एसटी स्टँडसमोरचा वडेवाला मला विचारायला लागला, झाला का हो? गाभण म्हैस असलेल्या घरी विचारतात त्या सुरात. भारनियमन असल्यामुळे रोज दोनदा वीज जायची, तारा जिथल्या तिथे थांबायचा, वीज आली की मी जाऊन त्याला पुन्हा उठवायची. एकदा मशीनपुढे उदबत्ती लावलेली सापडली. ती कुणी लावली हे मी विचारलं नाही.

वडिलांचं काम माझ्यापेक्षा सोपं वाटत होतं. तालुक्यातला सगळ्यात चांगला साग शोधायचा. खात्याच्या इंग्रजी कागदात त्याला काहीतरी नाव होतं, वडील त्याला ‘अव्वल झाड’ म्हणायचे. त्याच्या शेंड्याकडच्या काड्यांवरचे डोळे काढायचे, रोपवाटिकेतल्या साध्या रोपांवर ते भरायचे, म्हणजे कलम करायचं, आणि अशा अव्वल झाडांच्या कलमांची एक बाग उभी करायची. पुढे जंगलात लागवड करायला लागणारं बी त्या बागेतून न्यायचं. आयुष्यभर वडिलांनी मिळेल ते बी पेरलं होतं आणि मिळेल तसं वाकडं जंगल वाढताना पाहिलं होतं. जाण्याआधी एका तरी सरळ सागाची कलमं माझ्या रोपवाटिकेत वाढलेली बघायची आहेत, असं ते म्हणाले. प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून म्हणाले, पण मला ते फार लागलं, कारण त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं.

त्यासाठी एक फॉर्म होता, शंभर गुणांचा. उंचीला इतके, खोडाच्या गोलाईला इतके, फांद्यांच्या कोनाला, रोग नसण्याला, आणि सगळ्यात जास्त गुण सरळपणाला. आईने तो वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, यात रंग कसा नाही विचारला. माझं लग्न व्हायचं होतं आणि आई कुठलाही फॉर्म त्याच नजरेने वाचायची. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

मग आम्ही हिंडायला लागलो. आम्ही म्हणजे मी हिंडायची आणि वडील जीपमध्ये किंवा एखाद्याच्या पडवीत पाय लांब करून बसायचे. महाड ते पोलादपूर, तिथून आत दरीदरीने. तेव्हा कळलं की या भागात सरळ साग उरलेलाच नाही. वडिलांनी एका पडवीत त्याचं कारण सांगितलं. माणूस मेढीला, वाशाला, आढ्याला सरळ झाड तोडतो. वाकडं ठेवतो, कारण ते कशाच्या कामाचं नाही. मग बी कुणाचं पडणार? वाकड्याचं. त्यातलं जरा सरळ उगवलं की ते पुन्हा कुणीतरी घरासाठी नेणार. पिढ्यान् पिढ्या आपण वाकड्यांचीच वीण जपली, असं ते म्हणाले. पडवीचा मालक लगेच आपला साग दाखवायला घेऊन गेला. तो इतका वाकडा होता की त्याला झोपाळा बांधला होता. त्याने आम्हाला त्यावर बसायचा आग्रह केला आणि मी बसले.

शेवटी झाड सापडलं ते दुर्बिणीतून. उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरमाथ्यावर दहा-पंधरा घरांची एक वाडी आहे, म्हशी-शेरडं आणि नाचणी-वरीवर जगणारी. पलीकडच्या डोंगरावरून वडिलांनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग माझ्या हातात दिली. वाडीच्या टोकाला, एका गोठ्यामागे, पान झडलेला एक साग उभा होता, आणि तो खालपासून अर्ध्याहून वरपर्यंत एका रेषेत होता, एकही फांदी नाही. तारे शिकणारी मुलगी म्हणून सगळे मला दुर्बिणीतली जाणकार समजायचे. खरं तर मला आकाशात धड चार तारे ओळखता येत नव्हते, मी फक्त आकडे बघितले होते. पण ते झाड मी हात दुखेपर्यंत बघत राहिले, हे मी कबूल करते.

जीप वाडीपर्यंत जात नव्हती, म्हणून मी एकटी चढून गेले. झाड एका म्हातारीचं होतं. सत्तरीच्या पुढची, काटक, बोलायला तिखट. मी काय करते असं तिने विचारलं. तारे कसे होतात ते कॉम्प्युटरवर बघते, म्हटलं. तिने चांदण्यांतलं तिकांडं कुठे उगवतं, बाज कुठे, ते मला हात करून सांगितलं आणि हे तुला ठाऊक नाय का, असं विचारून माझा निकाल लावला. मग झाडाचं सांगितलं. तिच्या नवऱ्याने ते घराच्या आढ्यासाठी राखलेलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका अखंड लाकडाचं आढं घालायचं म्हणून. तो गेला. तीन मुलगे मुंबईत, तिघांनाही गावी घर बांधायचंय आणि तिघांनाही तेच आढं पाहिजे.

"तोडला तर एकाचा व्हईल. मंग बाकीचे दोघं कशाला येतील?" ती म्हणाली. "उभा हाय तवर शिमग्याला तिघं येतात. दुसऱ्यानं नेला तर नाय, ते बघाया येतात, पन येतात."

मी खाली येऊन वडिलांना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि फॉर्म भरायला घेतला. सरळपणाला पूर्ण गुण. मग नियमाप्रमाणे मला डबा आणि ब्रश देऊन परत वर पाठवलं. अव्वल झाडाला छातीच्या उंचीवर पिवळा पट्टा मारायचा आणि खाली नंबर घालायचा. तालुक्यातलं पहिलंच झाड, म्हणून नंबर एक. पट्टा मी स्वतः मारला, व्यवस्थित, ओघळ न येऊ देता. वाडीतले सात-आठजण बघत होते. मी त्यांना वडिलांनी सांगितलेलं वाक्य सांगितलं: झाडाला काही करायचं नाही, फक्त नंबर घातलाय.

आता विचार केला की मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते. त्या डोंगरात झाडाला रंग लागला की त्याचा अर्थ एकच, ते जाणार. आणि प्रत्येक वेळी रंग लावणाऱ्याने हेच सांगितलेलं होतं, की काही करायचं नाही, फक्त नंबर घातलाय. वडील पस्तीस वर्षं त्या लोकांत वावरले होते आणि तरी हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण फॉर्ममध्ये झाडाच्या सगळ्या गोष्टींना रकाना होता आणि वाडीला नव्हता. मी प्रारण वगळलं होतं, वडिलांनी वाडी वगळली होती. मोजायला अवघड म्हणून जे सोडून द्यावं तेच नेमकं पुढचं सगळं ठरवतं. हे मला तेव्हा सुचलं असतं तर प्रबंधात घातलं असतं.

पुढचं मला म्हातारीच्या धाकट्या मुलाने नंतर सांगितलं. तो मुंबईत इमारती रंगवायचा, दोरीच्या झुल्यावर लोंबकळत. शिमग्याला तिघे भाऊ आले, झाडावरचा पट्टा बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिघांचं एकमत झालं. वाडीने देवीला कौल लावला. झाड जाणार का, असं विचारून देवीच्या अंगावर कळ्या लावल्या. उजवी पडली, म्हणजे जाणार. मग विचारलं, वाचवता येईल का. पुन्हा उजवी. कसं, ते देवी सांगत नाही, तिथे माणसाने डोकं चालवायचं. धाकट्याकडे कुठल्याशा सोसायटीच्या कामातून उरलेले पिवळ्या रंगाचे चार डबे होते, आईच्या घराला लावायला आणलेले. सायेब पट्टा बघून येनार ना, तो म्हणाला. मग पट्टाच पट्टा करून टाकू.

एका दिवसात वाडीने दिसेल त्या झाडाला पिवळा पट्टा मारला आणि खाली एक नंबर घातला. साग, जांभूळ, आंबा, ऐन, हिरडा. वाट खाली उतरते त्या बाजूने थेट गाडीरस्त्यापर्यंत. रंग संपत आला तेव्हा हळद कालवली. जोर इतका होता की गोठ्यांच्या मेढी, म्हशी बांधायचे खुंट आणि रस्त्यावरचा एसटीच्या थांब्याचा खांबही सुटला नाही. सगळे एक नंबर.

शिमग्यानंतर आठ दिवसांनी वडिलांचे वरिष्ठ साहेब झाड तपासायला आले. बरोबर फोटोग्राफर. जीप गाडीरस्ता संपतो तिथे थांबली आणि आम्ही खाली उतरलो ते एका पिवळ्या रानात. वडील काठीवर उभे राहून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळं उमजत गेलं. साहेबांनी वर डोंगराकडे पाहिलं, घाम पुसला, आणि समोरच्या सागाकडे बोट केलं. हाच ना?

तो साग कमरेत मोडून पुन्हा उठल्यासारखा होता. वडील म्हणाले, नाही साहेब, वर आहे, पाऊण तासाची चढण. साहेबांनी फॉर्म काढला. पिवळा पट्टा आहे? आहे. नंबर एक आहे? आहे. मग वर काय वेगळं आहे, असं त्यांनी विचारलं. वडील सरळपणाबद्दल बोलायला लागले तेव्हा साहेबांनी फॉर्म त्यांच्यापुढे धरला. सरळपणाला पूर्ण गुण तुम्हीच दिलेत, वनपाल, आता मागे फिरता का? फोटोग्राफरला काम कळत होतं. त्याने कॅमेरा तिरका धरला, त्यामुळे फोटोत साग जवळजवळ उभा आला. शेजारी उभे असलेले साहेब मात्र पडता पडता राहिल्यासारखे दिसत होते. खाली वडिलांना सही करावी लागली. परतताना पोलादपूरपर्यंत ते काठीवर हनुवटी टेकून बाहेर बघत राहिले आणि मला त्यांचा राग आला. सही केली म्हणून आला, पण खरं तर ते इतके म्हातारे दिसत होते म्हणून आला.

त्या दिवशी संध्याकाळी क्लासच्या मालकांनी निरोप पाठवला की मशीनवर काहीतरी वेगळं दिसतंय. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, मंजुरी वाकड्याला मिळाली तर मिळू दे, डोळे मी खऱ्या झाडाचेच काढणार. सागाला पालवी फुटायच्या आधीचे हे थोडेच दिवस होते, पुढच्या वर्षी या वेळी ते निवृत्तीच्या कागदांत अडकलेले असणार. मी विचारलं, वर चढणार कोण? त्या सागाला निम्म्याहून वरपर्यंत एकही फांदी नाही. शिडीसाठी अर्ज केलाय, म्हणाले, मंजुरी यायचीय. मोडक्या पायाचा माणूस आणि मंजूर न झालेली शिडी घेऊन आम्ही निघालो.

गाडीरस्त्यावर वाडीतले चारजण भेटले. वडिलांचा पाय बघितला आणि कुणाला काही न विचारता डोली आणली. आजारी माणसाला त्या डोंगरात डोलीतूनच नेतात, मग तो कुठल्या का खात्याचा असेना. ते वडिलांना अलगद वर घेऊन चालले होते, मध्ये टेकून पाणी पाजत होते, आणि मधूनमधून एकमेकांकडे बघून हसत होते. मला वाटलं, पट्ट्यांच्या गमतीवर हसताहेत.

झाड अर्ध्यावर तोडलेलं होतं. कमरेएवढ्या उंचीवर नव्हे, पार वर, जिथे माझी नजर वळायची तिथेच आता काही नव्हतं. वरचा सगळा भाग, फांद्या, शेंडा, गोठ्यामागे आडवा पडला होता आणि म्हातारी त्यावर बसली होती. काल खाली जीप बघितली आणि तिने निर्णय घेतला. पट्टे मोजत कुणीतरी वर येणारच. सरकारला सरळ झाड पाहिजे ना, मग ते अखंड ठेवायचंच नाही. शिमग्यापासून गावातच राहिलेला धाकटा दोऱ्या लावून चढला, इमारतीवर चढतो तसा, आणि तासाभरात शेंडा उतरवला. आढ्यासाठी अखंड लाकूड गेलं ते गेलं, पण झाड तरी जागेवर राहिलं.

"फारेस, बघ," ती वडिलांना म्हणाली. फॉरेस्टच्या माणसाला तिकडे फारेसच म्हणतात. "आता नेनार नाय ना कुनी?"

वडिलांना डोलीतून उतरवून तिच्या शेजारी, त्या पडलेल्या खोडावरच बसवलं. त्यांनी हात लांब करून शेंड्याची एक काडी मोडली आणि अंगठ्याच्या नखाने तिची साल खरवडली. आत हिरवं आणि ओलं होतं. डोळे फुगलेले होते, एकही उमललेला नव्हता. शिडीने नाही, बंदुकीने फांदी पाडून नाही, कशानेही ज्यांच्यापर्यंत आम्ही पोचलो नसतो त्या शेकडो काड्या त्यांच्या पायाशी पडल्या होत्या. वडील हसताहेत की काय, मला कळेना. मला म्हणाले, गोणपाट भिजव.

मी भडकले होते. म्हातारीला सांगणार होते की अहो आजी, हे झाड कुणी नेणारच नव्हतं, आम्हाला फक्त दोन मुठी काड्या पाहिजे होत्या. मी तोंड उघडलं आणि वडिलांनी माझं मनगट धरलं, चांगलं दुखेल इतकं.

"चांगलं केलंत, मावशी," ते म्हणाले. "आता हे झाड कुनी नेनार नाय."

आम्ही दुपारपर्यंत काड्या निवडल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, आणि त्याच चौघांनी आम्हाला खाली आणलं. जीपमध्ये मी विचारलं, खोटं का बोललात? ते म्हणाले, ते थोटूक तिला रोज दारातून दिसणार आहे, तुला आणि मला नाही. मग थोड्या वेळाने, जणू मी विचारलंच होतं, त्यांनी सांगितलं की कुऱ्हाडीने आलेलं थोटेपण पोरांत उतरत नाही. डोळ्याला कुऱ्हाड माहीत नसते.

कलमं रोपवाटिकेत केली, नाते गावाच्या रस्त्याला, ओढ्याजवळ. वडील स्टुलावर बसून डोळे भरत होते आणि मी पट्ट्या बांधत होते. बरीचशी मेली, पुष्कळ जगली. कागदोपत्री मात्र त्यांची आई रस्त्याकडेचा वाकडा साग होता, कारण खरं झाड आता शेंडा नसलेलं आणि फॉर्मवर नापास. वाकड्या सागाला तारेचं कुंपण झालं, पाटी लागली. बाहेरगावचे प्रशिक्षणार्थी गाडीने यायचे आणि त्या सागाचं खोड निरखून वहीत काहीतरी उतरवून घ्यायचे. एकाने मला विचारलं की हा सरळपणा नेमका कुठून मोजायचा. मी म्हटलं, मान तिरकी करा.

माझ्या मशीनवर वेगळं दिसत होतं ते मी चार दिवसांनी बघितलं. एक तारा झाला होता. एकच, ठसठशीत, आणि त्याच्या उबेने भोवतालचा वायू इतका तापला होता की जवळपास दुसरा होऊच शकला नव्हता. क्लासच्या मालकांनी पेढे आणले. वडेवाल्याने विचारलं, मुलगा की मुलगी? मी पुण्याला परत गेले.

पुढच्या वर्षी मेअखेरीला वडील निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर रोपवाटिकेत होते, सगळं मोजून नव्या माणसाच्या ताब्यात द्यायचं होतं. कलमं कमरेएवढी झाली होती. मी पिशव्यांच्या ओळींतून चालत होते आणि प्रत्येक काडी सुतात होती. वडील एकेका रोपाच्या शेंड्याला हात लावून पुढे जात होते. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला आणि मी ते त्यांना सांगितलंही. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

दुपारी म्हातारी आली. एकटी, दोन एसटी बदलून. कुणाला न विचारता ओळींत शिरली आणि बराच वेळ खाली वाकून रोपं बघत राहिली. मग सरळ वडिलांपुढे येऊन उभी राहिली.

"ही माझ्या झाडाची हायत."

वडिलांनी मोजणी थांबवली.

"तवा तू काड्या नेल्यास, गोनपाटात घालून. थोट्या झाडाच्या काड्या कशाला नेशील तू? वरीसभर हाच इचार केला मी. म्हंजे झाड नेनार नव्हतात. मी उगाच तोडला."

मी वडिलांकडे बघितलं. ते पुन्हा काहीतरी बरं वाटेलसं बोलतील असं मला वाटलं, आणि या वेळी बोलावं असं मलाही वाटत होतं.

"नेनार नव्हतो, मावशी," ते म्हणाले. "पन तुम्ही तोडलात म्हनून ही झाली. मला वर पोचता आलं नसतं."

ती खाली बसली. पाणी दिलं ते तिने घेतलं. या शिमग्याला कुणी आलं नाही, असं तिने सांगितलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, नुसतं सांगितलं. थोरल्याने मुंबईलाच खोली घेतली, मधला फोन उचलत नाही, धाकट्याला काम होतं. बघायला यावं असं आता तिथे काही नाही. मग उठून ती ओळीत गेली आणि तीन पिशव्या बाजूला काढल्या.

"ही तीन मला दे. तिघांची तीन."

बागेसाठी केलेली कलमं बाहेर द्यायची नाहीत असा कडक नियम होता, आणि ज्या माणसाने तो आयुष्यभर पाळला त्याच्या नोकरीचे दोनच तास उरले होते. आणि मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, मध्ये तोंड घातलंच. म्हटलं, आजी, आढ्याएवढा साग व्हायला साठेक वर्षं लागतात.

"म्हायती हाय गो," ती म्हणाली. "तवर येत तरी ऱ्हातील ना बघाया, आपला केवढा झाला आनि दुसऱ्याचा केवढा."

वडिलांनी रोपांची नोंदवही माझ्याकडे सरकवली, कारण त्यांचा चष्मा भिजला होता. तीन मेली असं लिही, म्हणाले. मी तारीख घातली आणि लिहिलं. मान वर करून बघितलं तेव्हा दोन पिशव्या कडेवर आणि एक डोक्यावर घेऊन ती फाटकातून बाहेर पडत होती, आणि वडील मोडून जोडलेल्या पायाने जमेल तितक्या घाईने तिच्यामागे, रोपांना पाणी किती घालायचं ते सांगत चालले होते.